जास्वंदीची भावकी : फूल उलटं करून ओळखा

लासुर्ण्याच्या महिला बचत गटांच्या वतीनं आम्ही बोलतोय. आज हिशेबाची वही, कर्जाचा हप्ता, बँकेचा कागद यातलं काही नाही. आज फुलांबद्दल बोलायचं आहे. तरी पेन जवळ असू द्या, कारण बोलता बोलता पैशाचा विषय निघणारच आहे.

जास्वंद कुणाला दाखवावी लागत नाही. गणपतीत लाल जास्वंदीला मान असतो, आणि चतुर्थीला तर पहाटेच झाड रिकामं झालेलं असतं. पण गटाच्या बैठकीत आम्ही सहज विचारलं, "जास्वंद ओळखायची कशी?" तर जेवढ्या बायका तेवढी उत्तरं आली. कुणी म्हणाली लाल फूल. मग पिवळी, पांढरी, गुलाबी कुठं गेली? कुणी म्हणाली मोठ्या पाच पाकळ्यांची. मग डबल जास्वंदीचं काय? कुणी कुंपणाला लावलेली, कधीच न उमलणारी मिरची जास्वंद पुढं केली. अंबाडीचं नाव मात्र एकीनंही घेतलं नाही.

खरी गोष्ट अशी आहे की अंबाडी ही जास्वंदीची सख्खी बहीण आहे, आणि मिरची जास्वंद ही नुसती नावाची जास्वंद आहे. रंगावर आणि नावावर गेलं की अशी गल्लत होते. म्हणून आजचा पहिला नियम लिहून घ्या. रंग बाजूला ठेवायचा आणि फूल उलटं करायचं.

फूल सकाळीच तोडा. जास्वंदीचं फूल साधारण एकच दिवसाचं असतं, संध्याकाळी ते मिटून गळायला लागतं. आता देठ वर आणि पाकळ्या खाली असं धरा. देठाजवळ सगळ्यात आधी बारीक हिरव्या पात्यांची एक कड दिसेल. परकराला झालर लावावी तशी ती असते. शास्त्रात तिला अपिसंवर्त म्हणतात, आपण झालर म्हणू. झालरीच्या आत पाच दात्यांची हिरवी वाटी असते. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात तिला निदलपुंज म्हटलंय. वाटीच्या आत पाकळ्या. आणि पाकळ्यांच्या मधोमध जी लांब दांडी निघते, ती नळी असते. पुंकेसर एकमेकांना चिकटून ही नळी तयार होते. तिच्या अंगावर पिवळे परागकण लागलेले असतात, आणि आतून निघालेल्या दांडीच्या टोकाला पाच मखमली ठिपके असतात. ते स्त्रीकेसराचे शेंडे, म्हणजे कुक्षी.

झालर, वाटी, पाकळ्या, नळी, ठिपके. या क्रमानं बाहेरून आत गेलं की अर्धी ओळख तिथंच पटते. राहिलं पान, खोड आणि फळ.

आता भावकी कशी ठरवायची ते बघू. पुंकेसरांची एकसंध नळी आणि पाना-फुलात चिकट रस या दोन गोष्टी दिसल्या की झाड एकाच मोठ्या कुळातलं समजा. भेंडी चिरताना हाताला जी तार येते, तोच हा चिकटपणा. जास्वंदीची पानं चोळून केस धुतात, तोही त्याच्याच जोरावर. या कुळात कपाशी आहे, भेंडी आहे, बांधावरचा चिकणा आहे. शिक्क्यासारखी चाकं धरणारी मुद्रा आहे, जिला काही जण पेटारी म्हणतात. आणि सावलीसाठी लावतात तो पारोसा पिंपळही आहे.

पण कुळ एक म्हणजे घर एक नव्हे. जास्वंदीचं घर शास्त्रात हिबिस्कस या नावानं ओळखलं जातं. स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७५३ साली जगातल्या वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावं देणारा मोठा ग्रंथ काढला. त्यात आपल्या जास्वंदीचं नाव पडलं हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. रोझा-सायनेन्सिस म्हणजे चिनी गुलाब. गुलाबाशी तिचं काही नातं नाही, पण नाव पडलं ते पडलं.

या घरात कोण बसतं आणि कोण बसत नाही, हे तुम्हाला अंगणातच तपासता येईल.

चिकणा आणि मुद्रा यांची फुलं उलटी करा. वाटी आहे, पण झालर नाही. झालर नाही म्हणजे जास्वंदीच्या घरातली नाहीत.

कपाशीचं फूल उलटं करा. झालर आहे, पण फक्त तीन पात्यांची. ही तीन पाती मोठी, पानासारखी रुंद आणि कडेला कातरलेली असतात. बोंडाला धरून राहतात ती हीच. जास्वंदीच्या घरात बहुतेक करून पाच किंवा त्याहून जास्त अरुंद पाती असतात. म्हणून कपाशीचं घर वेगळं.

भेंडीची गोष्ट गमतीची आहे. तिची झालर जास्वंदीसारखीच अरुंद पात्यांची असते, म्हणून लिनियसनं तिला हिबिस्कसमध्येच घातलं होतं. पुढं १७९४ मध्ये तिला वेगळ्या घरात नेलं. कारण काय? भेंडीची वाटी एका बाजूनं फाटते आणि पाकळ्यांबरोबरच गळून पडते. स्वयंपाकघरातली खूण सांगतो. वांग्याच्या डोक्यावर त्याची हिरवी वाटी टोपीसारखी शेवटपर्यंत राहते, तशी वाटी भेंडीवर कधी दिसते का? नाही. उलट अंबाडीच्या बोंडाभोवती वाटी शेवटपर्यंत घट्ट धरून असते. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की विसरत नाही.

आता मिरची जास्वंद. झालर आहे, नळीही बाहेर डोकावते, पण पाकळ्या उमलत नाहीत, एकमेकींवर गुंडाळलेल्याच राहतात. टोकाचे ठिपके मोजा. जास्वंदीला पाच असतात, हिला दहा. एवढी एकच मोजणी पुरे. ही मूळची अमेरिका खंडातली, घर वेगळं.

पारोसा पिंपळाचं फूल पिवळं असतं आणि जुनं होताना लालसर होतं. पण त्याच्या वाटीला दाते नसतात, कड सपाट असते, आणि नळीतून निघालेला शेंडा पाच ठिकाणी फुटलेला नसतो. तोही बाहेर.

आता घरातल्या बहिणी बघू.

पहिली आपली नेहमीची जास्वंद. झुडूप, पान चकचकीत, त्याला बोटं नाहीत, कडेला दाते. फूल लांब देठाचं. नळी पाकळ्यांच्या बाहेर येते, ही मोठी खूण. आपल्याकडे तिला बी क्वचितच धरतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आपण फांदी तोडून लावत आलोय. डबल जास्वंद ही दुसरी जात नव्हे. तिथं पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, म्हणून नळी नीट दिसत नाही. झालर आणि वाटी बघा, ती तशीच आहे. लाल, पिवळी, पांढरी हे बहुतेक वेळा एकाच जातीतले किंवा संकरातून आलेले रंग. मलेशिया देशाचं राष्ट्रीय फूलही हीच जास्वंद आहे.

दुसरी झुंबरासारखी खाली लटकणारी. पाकळ्या झिरमिळ्यांसारख्या कातरलेल्या आणि वर वळलेल्या, नळी लोंबती. ही आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडची.

तिसरी रंग बदलणारी. सकाळी पांढरी उमलते, दुपारी गुलाबी होते, संध्याकाळी लालसर. पानं मोठी, लवदार आणि बोटांची. रंगावरून ओळखायला गेलं तर एकाच झाडाच्या तीन जाती धराव्या लागतील.

चौथी रानातली. काळ्या जमिनीत खरिपाच्या पिकात तण म्हणून येते. फूल फिकट पिवळं, मध्यभागी गडद जांभळं. तिची खूण म्हणजे वाटी. फळ धरलं की वाटी कागदी फुग्यासारखी फुगते आणि तिच्यावर गडद शिरा उठून दिसतात. खुरपताना अशी दिसली तर एखादं झाड ठेवून मुलांना दाखवा.

आणि आता अंबाडी. इथं जरा थांबू, कारण पैशाचा विषय इथंच येतो.

अंबाडी हे नाव एक, पण त्यामागं झाडं दोन आहेत. दोन्ही हिबिस्कस, दोन्हींचा पाला आंबट, दोन्हींची भाजी होते. कर्नाटकात पुंडी म्हणतात, आंध्र-तेलंगणात गोंगुरा म्हणतात. तिथंही हा घोळ आहेच. दोन्हींचं फूल फिकट पिवळं आणि मध्ये गडद लाल. दोन्हींची नळी आखूड, पाकळ्यांच्या आतच राहणारी. मग फरक कुठं?

एक वाखाची अंबाडी. शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. हिच्या वरच्या पानांना खोल चिरलेली अरुंद बोटं असतात, गांजाच्या पानासारखी, म्हणून हे नाव. गांजाशी तिचा काही संबंध नाही, भिऊ नका. खोड उंच, सरळ, आणि त्यावर बारीक काटे. झालरीची पाती सात-आठ, सुईसारखी बारीक, वाटीपासून सुटी. वाटी कोरडी, केसाळ, हाताला टोचणारी. पूर्वी हिचे दोर, कासरे वळायचे. इंग्रज व्यापारी हिच्या धाग्याला डेक्कन हेम्प म्हणायचे, म्हणजे आपल्या दख्खनचाच धागा.

दुसरी लाल अंबाडी, हिबिस्कस सब्दारिफा. खोड बहुधा गुळगुळीत, पुष्कळदा लालसर. वरची पानं तीन ते पाच बोटांची. झालरीची पाती आठ ते बारा, जाडसर आणि बुडाशी वाटीला चिकटलेली. आणि मुख्य म्हणजे फूल गळाल्यावर वाटी फुगते, मांसल होते, लालभडक आणि रसदार होते. आपण जिला बाजारात अंबाडीची सुकी फुलं म्हणतो, ती फुलं नसतातच. फूल कधीच गळून गेलेलं असतं. आपण सुकवतो ती ही वाटी आणि झालर. सरबत, चटणी, जॅम याच वाटीचं होतं. सुदानपासून इजिप्तपर्यंत लोक करकदे म्हणून पितात, तेही हेच.

गेल्या खरिपात आमच्या भागातल्या एका गटातल्या ताईंनी गटाकडून अंतर्गत कर्ज घेऊन दहा गुंठ्यांत अंबाडी केली. तुकोबांची पालखी लासुर्ण्यावरून अंथुर्ण्याकडे गेली आणि पाठोपाठ पेरणी झाली. विचार सरबताच्या बोंडांचा होता. पुण्याचा एक व्यापारी वाळलेला माल घ्यायला तयार होता, आणि इसार द्यायलाही. बी ओळखीच्या माणसाकडून आलं होतं. त्यानं सांगितलं होतं, अंबाडीचं बी आहे. तो खोटं बोलला नव्हता.

पीक गुडघ्याएवढं झालं तेव्हा खुरपणाऱ्या बायकांच्या बोटांना बारीक काटे लागायला लागले. पानंही अरुंद बोटांची दिसू लागली. बैठकीत विषय निघाला. व्यापाऱ्याचा इसार घ्यायचा की नाही? काही जणी म्हणाल्या, हातचे पैसे कशाला सोडायचे, अंबाडी ती अंबाडी. ताईंच्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी या काटेरी अंबाडीचे दोर वळायचे, सरबत कुणी केलं नाही." आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की कळी येईपर्यंत इसार घ्यायचा नाही. काट्यांवरूनच शिक्का मारायचा नाही हेही ठरवलं, कारण लाल अंबाडीतही धाग्यासाठी लावतात असा एक उंच प्रकार आहे. त्याची वाटी मांसल होत नाही आणि खोडावर काटेही असू शकतात. तेव्हा शेवटचा निकाल वाटीचाच.

दसऱ्याच्या सुमारास कळ्या धरल्या. उलट्या करून पाहिल्या. झालर सात सुट्या सुयांची. वाटी कोरडी, केसाळ. सरबताचं बोंड नव्हतं ते. इसार घेतला असता तर माल द्यायचा कुठून, आणि पुढं गटाच्या शब्दाला किंमत काय राहिली असती? ताईंनी तोवर पाला खुडून आठवडे बाजारात जुड्या विकल्या होत्या. कर्जाचे हप्ते त्यावर निघाले. नफा झाला नाही. खोडं पाण्यात कुजवून थोडा वाख काढला, घरच्या जनावरांचे कासरे झाले. व्यापाऱ्याला आम्ही स्पष्ट कळवलं की यंदा माल नाही. आता ताईंनी लाल अंबाडीचं बी आणलंय, तेही दुसऱ्या गावच्या शेतात उभ्या झाडाची रसदार बोंडं स्वतः दाबून, चाखून पाहिल्यावर.

म्हणून दुसरा नियम लिहा. नाव ऐकून बी घेऊ नका, बोंड पाहून घ्या. आणि कळी उलटी करून पाहिल्याशिवाय कुणाचा इसार घेऊ नका.

ज्या गटांना लाल अंबाडी करायची आहे, त्यांच्यासाठी थोडं आणखी. फूल गळाल्यावर वाटी भरते, पण कोवळी आणि करकरीत असतानाच ती तोडायची. उशीर झाला की चिवट होते. आतलं फळ काढून टाकायचं, वाटी धुऊन सावलीत जाळीखाली सुकवायची. साधारण दहा किलो ओल्या मालाचा सुका माल एक किलोच्या आसपास भरतो, हे दर ठरवताना लक्षात ठेवा. रस फार आंबट असतो, म्हणून तांब्या-पितळेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात करू नका. स्टील किंवा काच वापरा. पाकिटावर साध्या शब्दांत लिहा, लाल अंबाडीची वाळलेली बोंडं. रक्तदाब उतरतो, साखर उतरते असं काही लिहू नका. आपण खाण्याची वस्तू विकतोय, औषध नव्हे. ज्यांना मुतखडा आहे, ज्या गरोदर आहेत किंवा ज्यांची औषधं चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच असलं पेय रोज घ्यावं.

जास्वंदीचं तेल करणाऱ्या गटांनाही एक सांगणं. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण फार येतो आणि लोक त्यावर औषध फवारतात. उसाच्या बांधाला लागून असलेल्या झाडावर तणनाशकही उडतं. तेव्हा फुलं कुणाच्या अंगणातली, तिथं कधी आणि काय फवारलं, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. जात ओळखणं जेवढं गरजेचं, तेवढंच झाड कुठल्या जागेवरचं हेही.

हे सगळं लक्षात कसं राहील? गटाच्या वहीमागं चार पानं राखून ठेवा. प्रत्येक झाडाची एक फांदी, पान आणि फुलासह, जुन्या वर्तमानपत्रात दाबून सुकवा. दोन-तीन दिवसांनी कागद बदला, नाहीतर बुरशी येते. जास्वंदीचं फूल चिकट असतं, म्हणून एक फूल उभं चिरून आतली नळी दिसेल असं ठेवा. बाजूला लिहा : गाव, जागा, तारीख, झाडाची उंची, ताज्या फुलाचा रंग, कारण वाळल्यावर रंग उडतो. आणि गावात त्याला काय म्हणतात तेही. मग पाच खुणा : झालरीची पाती किती आणि सुटी की चिकटलेली, वाटी गळते की राहते, नळी आत की बाहेर, ठिपके किती, फळ कसं.

मोठी वनस्पतीची पुस्तकंही अशाच सुकवलेल्या फांद्यांवरून तयार झाली. थिओडोर कुक नावाचे साहेब पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांनी त्या वेळच्या मुंबई इलाख्यातल्या झाडांची नोंद केलेला ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला, आणि अजूनही अभ्यासक तो उघडतात. आपल्याला ग्रंथ लिहायचा नाही. पण शंका आली तर अशी दाबलेली फांदी घेऊन जवळच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांकडे किंवा बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात जाता येतं. माल बाहेर विकायचा असेल आणि जातीचा कागद हवा असेल, तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. जाताना नुसती पानं नेऊ नका. फूल आणि फळ असलेली फांदी न्या. फुलाशिवाय जाणकारही हात राखून बोलतात.

आता एवढंच काम आहे. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या अंगणातलं, बांधावरचं एकेक फूल आणायचं. जास्वंद, भेंडी, कपाशी, चिकणा, अंबाडी, जे सापडेल ते. सतरंजीवर सगळी उलटी मांडायची आणि झालर कुणाला आहे, कुणाला नाही, एवढंच आधी वेगळं करायचं. ज्यांना वाचता येत नाही त्या मावशींना पहिलं काम द्या. त्यांनी आयुष्यभर झाडं हाताळलीत, पाती मोजायला त्यांना अक्षर लागत नाही. लिहायचं काम शाळेत जाणाऱ्या मुलींना द्या. वही भरली की आम्हाला कळवा, आम्ही बघायला येऊ.